अधःश्लेष्मल तंतुमयता, मुखाची

सुपारी किंवा सुपारीमिश्रित पदार्थ दीर्घकाळ चघळल्याने गाल, ओठ व टाळूच्या अस्तराखाली तंतुमय ऊतक साचून तोंड उत्तरोत्तर कमी उघडण्याचा विकार. डॉक्टरांत तो सबम्यूकस फायब्रोसिस म्हणून परिचित असून त्याची गणना कर्कपूर्व, म्हणजे पुढे कर्करोगात रूपांतर होऊ शकणाऱ्या, विकारांत होते.

सुश्रुतसंहितेतील ‘विदारी’ हाच हा रोग, असे काही लेखक मानतात. तथापि तेथे दाह, ताम्रवर्ण सूज आणि मांस कुजून झडणे ही लक्षणे सांगितली आहेत. तोंड न उघडण्याचा उल्लेख नाही. त्यामुळे हे समीकरण जपूनच स्वीकारावे लागते. आधुनिक वैद्यकातील पहिले वर्णन सामान्यतः श्वार्ट्झ यांचे (१९५२) मानतात. ते पूर्व आफ्रिकेतील पाच भारतीय स्त्रियांवर आधारलेले होते. सध्याचे नाव मुंबईचे कान-नाक-घसा तज्ज्ञ जोशी यांच्या १९५३ मधील लेखापासून रूढ झाले.

कारणाविषयी मतभेद बराच काळ टिकला. परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात सत्यवती सिरसाट व वि. रा. खानोलकर यांनी १९६० च्या सुमारास उंदरांच्या टाळूला मिरचीतील कॅप्सायसिन लावून अशाच स्वरूपाचे बदल दाखविले आणि तिखटाकडे संशय वळला. मात्र तिखट खाणाऱ्या, पण सुपारी न चघळणाऱ्या समाजांत हा विकार विरळच आढळतो. म्हणून आज सुपारीचा पक्ष सबळ ठरतो. सुपारीतील ॲरेकोलीन तंतुजनक पेशींना चेतवते. तिच्यातील तांब्यामुळे लायसिल ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) अधिक क्रियाशील होते, कोलॅजन या तंतुमय प्रथिनाचे धागे परस्परांत घट्ट बांधले जातात व त्यांचे विघटन मंदावते, असे मानतात. तंबाखूचा संबंध प्रामुख्याने पांढऱ्या चट्ट्याशी, म्हणजे ल्युकोप्लाकियाशी. गुटख्यात व माव्यात दोन्ही धोके एकत्र येतात.

सुरुवातीस तिखट झोंबते, नंतर अस्तर फिकट पडून आत ताठ पट्टे हाताला लागतात. सवय सोडली तरी झालेली तंतुमयता सहसा मागे फिरत नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पथकाने एर्नाकुलम जिल्ह्यातील ६६ रुग्णांचा १७ वर्षे मागोवा घेतला; त्यांपैकी ७.६ टक्क्यांना कर्करोग झाला. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात तंबाखूविरहित विडा व सुपारी हेही कर्कजनक ठरविले.

महाराष्ट्रात २००२ ची गुटखाबंदी सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. जुलै २०१२ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याखाली ती पुन्हा लागू झाली.