पोटरीवरची पांढरी रेघ

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा किती उतरला, ही बातमी नाशिकमध्ये आधी वाचली जाते. द्राक्षबागांसाठी ते बरोबरच आहे. त्वचेचे हाल मात्र पहाटेच्या गारठ्यापेक्षा त्याच दिवशीच्या दुपारी जास्त होतात.

पहाटे १० अंशांना एक घनमीटर हवेत फार तर ९.४ ग्रॅम बाष्प मावतं. दुपारी तीच हवा २९ अंशांपर्यंत तापली की तिच्यात जवळपास २९ ग्रॅम मावू शकतं, पण असतं तेवढंच. म्हणजे पहाटे दव पडलेलं असलं तरी दुपारी सापेक्ष आर्द्रता साधारण एक तृतीयांशावर येते आणि ही तहानलेली हवा अंगातलं पाणी ओढून घेते. थंड देशांत खोल्या तापवणारे हीटर हवा कोरडी करतात. आपल्याकडे ते काम ऊन करतं.

आता माझ्या आवडीच्या कोड्याकडे येतो. हिवाळ्यात पोटरीवर नखाने ओढलं की पांढरी रेघ उठते. शाळेत असताना कंटाळवाण्या तासाला आपण सगळ्यांनीच ती ओढलेली असते. ती पांढरी का?

त्वचेचा सर्वांत वरचा थर म्हणजे स्ट्रेटम कॉर्नियम. तळहात-तळपाय सोडले तर बहुतेक अंगावर त्याची जाडी १० ते २० मायक्रोमीटर असते. कौलांसारख्या एकमेकींवर रचलेल्या चपट्या, मृत पेशींचे पंधरा-वीस थर त्यात असतात आणि मधल्या फटींत सेरामाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्लं भरलेली असतात. या पेशी कॉर्निओडेस्मोसोम नावाच्या प्रथिनांच्या टाक्यांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. वरच्या पेशी रोज गळतात; पण सुट्या सुट्या, म्हणून दिसत नाहीत. गळण्याआधी हे टाके कापले जावे लागतात. ते काम कॅलिक्राइन गटातली विकरं (एन्झाइम) करतात, आणि विकरांना काम करायला पाणी लागतं.

हवा कोरडी झाली, थरातलं पाणी घटलं की विकरं मंदावतात. टाके तुटत नाहीत, पेशी अर्धवट चिकटून राहतात आणि कडा उचललेल्या खपल्या तयार होतात. त्वचा जास्त निघते म्हणून खपल्या दिसतात, हा समज उलटा आहे. जायला हवं होतं ते गेलेलं नसतं.

या खपल्यांखाली हवा शिरते. या मृत पेशी ज्या प्रथिनाने भरलेल्या असतात त्या केराटिनचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो याचं माप, साधारण १.५, हवेचा १. अशा प्रत्येक सीमेवर प्रकाशाचा काही भाग परावर्तित होतो, सगळीकडे विखुरतो आणि भाग पांढरा दिसतो. नख नवे पापुद्रे उचलतं, म्हणून रेघ. खोबरेल लावलं की ती क्षणात नाहीशी होते, कारण तेलाचा अपवर्तनांक सुमारे १.४५, फटी भरल्या की प्रकाशाला सीमाच उरत नाही. त्या क्षणी त्वचेतलं पाणी थेंबभरही वाढलेलं नसतं! खरी दुरुस्ती नंतर सावकाश होते: तेलाच्या किंवा पेट्रोलियम जेलीच्या थराखाली बाष्पीभवन कमी होतं, पाणी साठतं, विकरं पुन्हा कामाला लागतात.

म्हणून अंग टिपून ओलसर असतानाच तेल किंवा मलम लावावं. कढत पाण्याने आणि साबणाने फटींतले स्निग्ध पदार्थ निघून जातात. शिवाय त्वचेचा सामू (पीएच) साधारण ५ आणि नेहमीच्या साबणाचा ९ ते १० असतो. सेरामाइड तयार करणाऱ्या विकरांना आम्लधर्मी वातावरण लागतं, तेव्हा साबण काखा, जांघा, पावलांपुरता ठेवला तरी चालतं.

ओठ फुटले की ‘अंगात उष्णता वाढली’ म्हणत सब्जा भिजवणारी घरं आजही आहेत. ओठांवरचा हा थर मुळातच पातळ, जीभ फिरवली की लाळ वाळते आणि ते आणखी कोरडे पडतात. पोटातल्या थंडाव्याचा इथे काही संबंध नाही. ‘आतून ओलावा’ देण्याचा दावा करणाऱ्या महागड्या गोळ्यांवरही पैसे घालवू नयेत. पुरेसं पाणी पिणाऱ्याने आणखी दोन तांबे प्यायल्याने वरच्या थरात फारसा फरक पडत नाही.

तळपायांना तेलग्रंथीच नसतात, म्हणून टाचांना भेगा पडतात. त्यांना युरिया असलेलं मलम चांगलं लागू पडतं. युरिया पाणी धरून ठेवतो आणि जाड थर मऊ करतो. मधुमेह असेल तर मात्र भेग दिसताच डॉक्टरांना पाय दाखवावा.