रिसीव्हर (कॅनेडियन फुटबॉल)

कॅनेडियन फुटबॉलमध्ये (अमेरिकन फुटबॉलसारखा, अंडाकृती चेंडूचा खेळ) क्वार्टरबॅकने, म्हणजे आक्रमणाच्या सूत्रधाराने, फेकलेला चेंडू झेलून पुढे नेणारा आक्रमक फळीतील खेळाडू. मैदानाच्या कडेजवळ उभा राहतो तो वाइड रिसीव्हर; त्याच्या आणि मधल्या लाइनमनच्या (समोरच्यांना अडवणाऱ्या खेळाडूंच्या) दरम्यान, चेंडू ठेवलेल्या रेषेच्या मागे असतो तो स्लॉटबॅक. बोलताना दोघांनाही रिसीव्हरच म्हणतात. या खेळाची व्यावसायिक स्पर्धा म्हणजे कॅनेडियन फुटबॉल लीग (सीएफएल). तीत 9 संघ आहेत. प्रत्येक संघ जूनपासून साखळीतले 18 सामने खेळतो आणि नोव्हेंबरात ग्रे कपचा, म्हणजे विजेतेपदाचा, अंतिम सामना होतो.

रिसीव्हरला इथे जे महत्त्व आहे ते मैदानाच्या मापांमुळे आणि डाउनच्या, म्हणजे चेंडू पुढे नेण्यासाठी मिळणाऱ्या प्रयत्नांच्या, हिशेबामुळे. मैदान 110 यार्ड (सुमारे 100 मीटर) लांब व 65 यार्ड (59 मीटर) रुंद असून दोन्ही टोकांना साधारण 20 यार्ड खोल एंड झोन (गुण मिळवण्याची जागा) असतो. अमेरिकन मैदान याहून जवळपास 12 यार्डांनी अरुंद. तिथे 10 यार्ड पुढे जायला 4 डाउन मिळतात, इथे 3. तिसऱ्या डाउनला बहुतेक वेळा चेंडू पंट करून, म्हणजे पायाने लांब मारून, प्रतिस्पर्ध्याला द्यावा लागतो, म्हणजे हातात खरे दोनच डाउन उरतात. पहिल्या डाउनला धावून 2 यार्ड मिळाले, तर दुसऱ्या डाउनला 8 यार्डांचा पास जवळजवळ अटळ, आणि हे समोरच्या बचाव फळीलाही ठाऊक असते. अशा वेळी रिसीव्हर सातव्या यार्डावर वळला आणि तिथेच पकडला गेला, तर झेल स्वच्छ असूनही डाउन वाया जातो. किती यार्डांनंतर वळायचे याचा हिशेब त्याने स्नॅपच्या (चेंडू क्वार्टरबॅककडे सोपवून खेळ सुरू करण्याच्या) आधीच केलेला असावा लागतो.

एका बाजूचे 12 खेळाडू मैदानात असतात. नेहमीची रचना अशी : 5 लाइनमन, क्वार्टरबॅक, एक रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) आणि 5 रिसीव्हर. स्नॅपच्या क्षणी आक्रमक संघाचे किमान 7 जण रेषेवर असावे लागतात. ही संख्या 5 लाइनमन आणि दोन टोकांचे वाइड रिसीव्हर मिळून भरते, त्यामुळे त्या दोघांना मागून रेषेकडे पळत येता येत नाही. मागचे तीन स्लॉटबॅक मात्र स्नॅपपूर्वीच रेषेकडे पळत येऊ शकतात. यालाच वॅगल म्हणतात. कॅनेडियन खेळाची खरी ओळख हीच, आणि अमेरिकेतून आलेल्या रिसीव्हरला सगळ्यात उशिरा अंगवळणी पडते तीही हीच.

वॅगल म्हणजे वेगवान गोलंदाजाचा रनअप समजावा : वेग हवा, पण रेषा ओलांडण्याचा क्षण चुकला की सगळे फुकट. स्लॉटबॅक रेषेच्या बराच मागून, बहुधा तिरक्या दिशेने, अर्ध्या वेगाने निघतो. क्वार्टरबॅकची हाक किंवा हातापायाची खूण टिपून शेवटच्या दोन-तीन पावलांत वेग वाढवतो आणि चेंडू हलताच रेषा ओलांडतो. अर्धे पाऊल लवकर पडले तर ऑफसाइड, 5 यार्डांचा दंड. एकदा दंड झाला की पुढच्या वेळी खेळाडू नकळत पावले आखडतो आणि रेषेपाशी जवळजवळ थांबतो. वेगाचा फायदा गेल्यावर समोरच्या बचावपटूला त्याला धक्का देऊन अडवायला अवधी मिळतो. बाहेरच्या मैदानावर प्रेक्षकांच्या गोंगाटात हाक ऐकू येत नाही, तेव्हा डोळ्यांनी दिसणारी खूणच उपयोगी पडते. पूर्ण वेगात येऊन एकदम दिशा बदलण्याची ही किंमत मांडीच्या मागच्या स्नायूला मोजावी लागते. हॅमस्ट्रिंग हे रिसीव्हरचे जुने दुखणे आहे.

झेल घेताना चेंडू छातीच्या वर आला तर अंगठे एकमेकांजवळ, कमरेखाली आला तर करंगळ्या एकमेकींजवळ. हातांनी झेलायचा, छातीवर आदळू द्यायचा नाही. चेंडू काखेत घट्ट बसेपर्यंत नजर त्याच्यावरून हटता कामा नये. हातातून सुटलेल्या कित्येक सोप्या झेलांचे कारण एकच असते : पकड पक्की होण्याआधीच पुढे पळायला वळलेली मान. कडेजवळ झेल घेताना एक पाय आत टेकला तरी पुरतो. अमेरिकन व्यावसायिक फुटबॉलमध्ये दोन्ही लागतात. नोव्हेंबरच्या थंडीत चेंडू कडक आणि निसरडा होतो, बोटे बधिर होतात, म्हणून दोन डाउनच्या मधे हात गरम ठेवावे लागतात.

त्याहून बारीक काम म्हणजे बचावाची मांडणी ओळखणे. अंगावर एकच बचावपटू असेल तर पळत राहायचे. बचाव जागा वाटून उभा असेल तर दोघांमधल्या मोकळ्या जागेत थबकायचे. इथे रिसीव्हर आणि क्वार्टरबॅक यांचे वाचन जुळले नाही, एक थांबला आणि दुसऱ्याने लांब फेकला, की चेंडू सरळ प्रतिस्पर्ध्याच्या हातात जातो. रुंद बाजूच्या, म्हणजे चेंडूपासून दूरच्या, कडेला फेकलेला पास हवेत जास्त वेळ राहतो, म्हणून तिथे ही चूक सर्वांत महागात पडते.

कारकिर्दीची वाट हातांच्या कौशल्याइतकीच नागरिकत्वाच्या वर्गवारीवर ठरते. सुरुवातीच्या खेळाडूंत ठरावीक संख्येने राष्ट्रीय, म्हणजे ढोबळमानाने कॅनडात घडलेले खेळाडू ठेवणे संघाला बंधनकारक असते. त्यामुळे पाचांपैकी एखाददुसरी रिसीव्हरची जागा बहुधा त्यांच्याकडे जाते. हे खेळाडू मुख्यतः विद्यापीठांतून, ड्राफ्टच्या (संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या) 8 फेऱ्यांतून येतात. पहिली एक-दोन वर्षे ते पंट आणि किकऑफच्या पथकांत धावून जागा टिकवतात. टॅकल, म्हणजे चेंडूवाल्याला पकडून पाडणे, न जमणारा नवखा रिसीव्हर फार काळ राहत नाही. ब्रॅड सिनोपोली ओटावा विद्यापीठाचा गाजलेला क्वार्टरबॅक होता. व्यावसायिक झाल्यावर तो रिसीव्हर बनला आणि 2018 मध्ये त्याने 116 झेल घेतले, जो कॅनेडियन खेळाडूचा एका हंगामातील विक्रम ठरला.

अमेरिकन रिसीव्हर बहुधा एनएफएलच्या (अमेरिकन व्यावसायिक लीगच्या) संघाने सोडल्यावर उत्तरेला येतो. आधी सराव पथकात राहायचे आणि कोणी जखमी झाला की जागा पटकवायची, हा नेहमीचा क्रम. 2023 पासून किमान वार्षिक पगार 70,000 कॅनेडियन डॉलर आहे. बहुतेक करारांत पूर्ण रकमेची हमी नसते, त्यामुळे हंगामाच्या मध्यावरही नारळ मिळू शकतो.

या वाटेने आलेल्यांत मिल्ट स्टेगॉलइतका लखलखीत खेळाडू विरळा. सिनसिनाटी बेंगल्सकडून एनएफएल खेळून 1995 मध्ये तो विनिपेग ब्लू बॉम्बर्सकडे आला आणि 2008 पर्यंत तिथेच राहिला. 854 झेल, 15,153 यार्ड, म्हणजे झेलामागे जवळपास 18 यार्ड, आणि एकूण 147 टचडाउन (चेंडू एंड झोनमध्ये नेऊन गुण मिळवणे); टचडाउनचा हा आकडा लीगमध्ये कुणालाही गाठता आलेला नाही. 2002 च्या एका हंगामातच त्याने 23 टचडाउन केले. 20 जुलै 2006 रोजी एडमंटनमध्ये विनिपेग 19–22 ने मागे होता, चेंडू स्वतःच्या 10 यार्ड रेषेवर, आणि घड्याळात शेवटची काही सेकंदे. क्वार्टरबॅक केव्हिन ग्लेनने लांब फेकलेला चेंडू स्टेगॉलने झेलला आणि तो थेट एंड झोनमध्ये पोचला : 100 यार्डांचा टचडाउन, सामना 25–22. ग्रे कप मात्र त्याला कधीच मिळाला नाही. 2001 आणि 2007 चे अंतिम सामने विनिपेगने गमावले.

एकूण यार्डांचा विक्रम पुढे जेरोय सायमनने 16,352 वर नेला, तर सर्वाधिक 1,051 झेल निक लुईसच्या नावावर आहेत. एका हंगामातील सर्वाधिक 2,036 यार्ड कॅलगरीच्या ॲलन पिट्सने 1994 मध्ये मिळवले.

सप्टेंबर 2025 मध्ये लीगने 2027 पासूनचे बदल जाहीर केले : मैदान 100 यार्ड लांब, एंड झोन 15 यार्ड खोल, आणि आजवर गोलरेषेवर असलेले गोलखांब एंड झोनच्या मागच्या रेषेवर. खांब मागे गेल्यावर त्यांच्यावर आदळण्याचा धोका टळेल आणि मधून धावण्याचे मार्ग मोकळे होतील. पण खोल एंड झोनमध्ये कोपऱ्याकडे निसटायला मिळणारी 5 यार्डांची जागा जाईल. मैदानाची रुंदी, 12 खेळाडू, 3 डाउन आणि वॅगल मात्र या घोषणेत तसेच ठेवले आहेत.