काटा खाली आला म्हणून पंप दोषी नसतो

इंजिन थंड असताना ऑइल प्रेशरचा काटा ऐटीत वर असतो. तासभर नांगरट झाली, इंजिन तापलं आणि रेस कमी केली, की तोच काटा तळाशी येतो. जुन्या ट्रॅक्टरचं हे नेहमीचं दुखणं. संशय मात्र पहिला तेलाच्या पंपावर जातो, आणि तो बऱ्याचदा चुकीचा असतो.

गिअर पंप दर फेऱ्याला ठरावीक तेल पुढे ढकलतो, एवढंच. दाब तयार होतो तो तेलाची वाट अडल्यामुळे. नळीच्या तोंडावर अंगठा दाबल्यावर होतं तसंच. इंजिनात हे अडवण्याचं काम बेअरिंग आणि क्रँकशाफ्ट (इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा) यांच्यामधली फट करते. फट दुप्पट झाली की, बाकी सगळं तेच असेल तर, तिच्यातून निसटणारं तेल दुप्पट नव्हे, जवळजवळ आठपट होतं. म्हणजे ०.०५ मिलिमीटरची झीजसुद्धा काटा खाली आणायला पुरते. त्यात उष्णतेची भर: १५डब्ल्यू-४० तेल ४० अंश सेल्सिअसला जितकं दाट असतं, त्याच्या साधारण सातव्या हिश्शाइतकंच ते १०० अंशांना उरतं.

खरं तर शाफ्टला उचलून धरतो तो पंपाचा दाब नव्हेच. १८८०च्या दशकात इंग्रज अभियंते बीचम टॉवर यांनी रेल्वेच्या बेअरिंगला भोक पाडलं, तर त्यात ठोकलेलं लाकडी बूच तेलाने बाहेर ढकललं. फिरणारा शाफ्ट स्वतःच तेल ओढून स्वतःखाली दाब तयार करतो. पंपाने फक्त तिथवर तेल पोहोचतं ठेवायचं आणि उष्णता वाहून न्यायची.

तपासणी गेजपासूनच सुरू करावी. सेन्सर काढून तिथे खात्रीचं मेकॅनिकल गेज लावायचं. गेजच खोटं निघालं तर इंजिन उघडायचा खर्च वाचतो. मग डिपस्टिक. पातळी आपोआप वाढली असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर तेल पातळ झालंय; डिझेलच्या फीड पंपाचा डायफ्रॅम (आतला पडदा) किंवा इंजेक्टर बघा.

थंड इंजिनात ठीक, गरम आयडलिंगला (रेस सोडल्यावर) कमी, रेस दिली की पुन्हा वर: ही बहुधा झीज. थंड इंजिनातही कमीच असेल, तर रिलीफ व्हॉल्व्हमध्ये (दाब जादा झाला की तेल परत सोडणारी झडप) कचरा अडकलाय किंवा स्प्रिंग तुटलीय का, ते पाहावं. रेस वाढवल्यावर काटा थरथरून पडत असेल, तर चेंबरमधली (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यातली) जाळी गाळाने बुजली असेल किंवा सक्शन पाइप हवा ओढत असेल.

रिलीफच्या स्प्रिंगमागे वॉशर घालायची युक्ती फार चालते. गरम आयडलिंगला तो व्हॉल्व्ह बंदच असतो, मग वॉशरने काय साधणार? जाड तेलाचंही तेच: काटा वर येतो, फट आहे तेवढीच राहते.

झीजेचा संशय पक्का झाला तर चेंबर उतरवून मेन बेअरिंगचे खालचे शेल (अर्धगोल पट्ट्या) आधी बघावेत. भार त्यांच्यावर असतो. राखाडी थराखालून तांबूस रंग दिसू लागला, तर शेल बदलायचे. पण त्याआधी जर्नल, म्हणजे शाफ्टचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग, मायक्रोमीटरने मोजायचं, कारण ते अंडाकृती झालं असेल तर नवे शेलही फार दिवस टिकत नाहीत.