किडनी काढायच्या आधी केमो की नंतर?

किडनीच्या आत लघवी गोळा होते ती पोकळी आणि तिथून मूत्राशयापर्यंत येणारी नळी, म्हणजे युरेटर, यांच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर तसा कमी लोकांना होतो. नेहमी ज्याला आपण किडनी कॅन्सर म्हणतो तो वेगळा, तो किडनीच्या मांसल भागात होतो आणि त्याला नेहमीच्या केमोने फारसा फरक पडत नाही, म्हणून घरचे लोक नेटवर वाचून येतात की किडनीला केमो चालत नाही आणि मग डॉक्टर केमोचं नाव काढतात तेव्हा गोंधळ उडतो. या अस्तराच्या कॅन्सरची जातकुळी मूत्राशयाच्या कॅन्सरची आहे, आणि त्याच्यावर केमो चालते.

या आजाराचा मोठा त्रास असा की तो बऱ्याचदा उशिरा सापडतो. युरेटरची भिंत पातळ, गाठीला स्नायूपर्यंत पोचायला फार खोल जावं लागत नाही, त्यामुळे निदान होतं तेव्हाच निम्म्याहून जास्त पेशंटमध्ये कॅन्सर भिंतीत शिरलेला असतो. ठरलेलं ऑपरेशन म्हणजे ती किडनी, पूर्ण युरेटर आणि युरेटर जिथे मूत्राशयाला मिळतं तिथला मूत्राशयाचा छोटा तुकडा असं सगळं काढणं. पण खोल गेलेल्या कॅन्सरच्या काही पेशी तोवर रक्तातून दुसरीकडे पोचलेल्या असू शकतात, त्या स्कॅनमध्ये दिसत नाहीत आणि सर्जनच्या हातालाही लागत नाहीत. त्यांच्यासाठी केमो.

खरी अडचण इथे सुरू होते. या कॅन्सरवरचं सगळ्यात भरवशाचं औषध आहे सिसप्लॅटिन, आणि ते शरीराबाहेर जातं किडनीतून, जाताना किडनीलाच इजा करतं. म्हणून सिसप्लॅटिनच्या दिवशी पेशंटला आधी आणि नंतर सलाईनच्या बाटल्या लावतात, त्यात मॅग्नेशियम घालतात आणि लघवी किती होतेय त्यावर लक्ष ठेवतात. किडनीची ताकद ईजीएफआर या आकड्यावरून बघतात, आणि पूर्ण डोसचं सिसप्लॅटिन द्यायला तो साधारण ६० च्या वर हवा असतो, काही ठिकाणी ५० पर्यंत चालवून घेतात. आता ऑपरेशनमध्ये आपण एक किडनीच काढून टाकतो. जुन्या पेशंटच्या नोंदी तपासल्या तर ऑपरेशनआधी साधारण निम्म्या किंवा त्याहून कमी लोकांचा आकडा ६० च्या वर होता आणि ऑपरेशननंतर जेमतेम पाचातल्या एकाचा उरला. म्हणजे ज्यांना औषध मिळू शकत होतं त्यांच्यातल्या अर्ध्याहून जास्त लोकांचा तो रस्ता ऑपरेशन टेबलवरच बंद झाला.

क्रिएटिनिन, म्हणजे किडनी रक्तातून गाळून टाकते तो कचरा, नॉर्मल आहे म्हणून निश्चिंत राहणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. ७२ वर्षांच्या बाईचं क्रिएटिनिन १.२ आलं तर रिपोर्टमध्ये फार वाईट वाटत नाही, पण सूत्रात घातलं की ईजीएफआर येतो ४८ च्या आसपास, आणि तेही दोन्ही किडन्या जागेवर असताना. हा आजार बहुतेक वेळा सत्तरीच्या आसपास होतो, त्यामुळे हे उदाहरण काही अपवादातलं नाही.

मग सगळ्यांना आधीच केमो का देत नाहीत? कारण पक्का पुरावा नंतरच्या केमोचा आहे. ब्रिटनमध्ये पाउट नावाची ट्रायल झाली, २०१२ ते २०१७ मध्ये २६१ पेशंट घेतले, सगळ्यांचं ऑपरेशन झालेलं, कॅन्सर स्नायूत किंवा जवळच्या लसिका गाठींमध्ये (लिम्फ नोड) गेलेला. अर्ध्यांना ९० दिवसांच्या आत केमो सुरू केली, दर तीन आठवड्यांनी एक अशी चार सायकल, बाकीच्यांवर फक्त लक्ष ठेवलं. तीन वर्षांनी आजार न उलटता जगणारे केमोच्या गटात ७१ टक्के आणि दुसऱ्या गटात ४६ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की नवीन पेशंट घेणं वेळेआधीच थांबवलं. त्रासही होता हो, केमो घेतलेल्यांपैकी ४४ टक्के लोकांना गंभीर म्हणावेत असे दुष्परिणाम झाले, ते लपवून उपयोग नाही. शिवाय ज्यांचा जीएफआर, म्हणजे किडनीच्या ताकदीचाच आकडा, ३० ते ४९ मध्ये होता त्यांना सिसप्लॅटिनऐवजी कार्बोप्लॅटिन दिलं, ते किडनीला सोसतं पण या कॅन्सरवर थोडं कमजोर मानलं जातं. म्हणजे ऑपरेशन आधी झालं म्हणून सगळं संपलं असं अजिबात नाही.

आधीच्या केमोचा पुरावा अजून लहान आहे. अमेरिकेतल्या एका अभ्यासात ५७ पेशंटना आधी सिसप्लॅटिन आणि जेमसिटाबिन हे केमोचं दुसरं औषध दिलं, तर ६३ टक्के लोकांमध्ये ऑपरेशनच्या वेळी गाठ आकुंचन पावून वरवरच्या स्टेजला आलेली किंवा पूर्ण गेलेली सापडली, आणि पूर्ण गेलेली साधारण पाचातल्या एकाला. पण यात तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे हे आकडे पाउटच्या शेजारी ठेवून कोण जिंकलं असं ठरवता येत नाही.

दुसरी अडचण बायोप्सीची. मूत्राशयातून बारीक दुर्बीण युरेटरमध्ये वर नेतात आणि इवल्याशा चिमट्याने गाठीचा एक दोन मिलिमीटरचा कण काढतात, त्यात स्नायूचा थर बहुधा येतच नाही, मग पेशी किती आक्रमक आहेत ते कळतं पण कॅन्सर किती खोल गेलाय ते कळत नाही. खोली ठरवायची तर सीटी, गाठीचा आकार, किडनीला सूज आलीय का, असा अंदाज बांधावा लागतो. अंदाज चुकला तर ज्याला नुसत्या ऑपरेशनने भागलं असतं त्यालाही केमो बसते. आणि केमोने काही झालंच नाही तर ऑपरेशन दोन तीन महिने लांबतं, ही भीतीही खरी आहे.

तरी माझं मत आधीच्या केमोकडे झुकतं, पण सरसकट नाही. पेशी आक्रमक, सीटीवर गाठ मोठी आणि ईजीएफआर आज पुरेसा पण एक किडनी गेल्यावर पुरणार नाही असं दिसतंय, अशा माणसाला आधी केमो हाच शहाणा मार्ग वाटतो, आणि अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनच्या २०२३ च्या गाइडलाइनमध्येही असंच म्हटलंय. उलट गाठीने युरेटर कधीचं बंद करून ती किडनी आधीच निकामी झाली असेल तर ती काढल्याने ईजीएफआर फारसा घसरत नाही, तिथे घाई तेवढी नाही. कुठली किडनी किती काम करते हे डीटीपीए स्कॅनमध्ये वेगवेगळं कळतं, तो ऑपरेशनआधी करून घ्यायला सांगा, आणि युरॉलॉजिस्टबरोबर कॅन्सरच्या औषधांच्या डॉक्टरांनाही तारीख ठरायच्या आधीच भेटा.

ज्यांचं ऑपरेशन होऊन गेलंय त्यांच्यासाठी, पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये पीटी२ (म्हणजे कॅन्सर स्नायूत गेलेला) किंवा वरची स्टेज, किंवा लसिका गाठींमध्ये कॅन्सर लिहिलेला असेल तर पुढच्या फॉलोअपची वाट बघू नका. पाउटमध्ये केमो सुरू करायला जे ९० दिवस होते, त्यांत जखम भरायची असते, क्रिएटिनिन स्थिर व्हायचं असतं, ऐकू नीट येतंय का ते तपासायचं असतं कारण सिसप्लॅटिन कानालाही लागतं, आणि या सगळ्यात आठवडे भराभर जातात.