लाँचर पुन्हापुन्हा अपडेट का मागतो : पार्श्वभूमी

गेम पूर्ण उतरलेला असतो, रात्री अपडेटही पार पडलेलं असतं, आणि तरी सकाळी स्टीम (गेम विकत घेऊन, उतरवून सुरू करायचा प्रोग्रॅम, म्हणजेच लाँचर) उघडलं की 'प्ले'च्या जागी पुन्हा 'अपडेट' उभं. कधी ते शून्य बाइट्सचं असतं, तर कधी आदल्या रात्रीचेच दोन-तीन जीबी पुन्हा उतरायला लागतात. याचं खापर बहुतेक जण नेटवर किंवा सर्व्हरवर फोडतात. प्रत्यक्षात लाँचर तीन गोष्टी ताडून बघत असतो: सर्व्हरवर सध्याची बिल्ड (गेमची आवृत्ती) कोणती, आपल्या मशीनवर कोणती बिल्ड असल्याची नोंद आहे, आणि डिस्कवर खरोखर कोणत्या फाइली पडल्या आहेत. या तिघांचा मेळ बसला नाही की अपडेट मागितलं जातं, आणि अपडेट होऊनही मेळ बसला नाही तर ते पुन्हा मागितलं जातं.

स्टीम १२ सप्टेंबर २००३ ला सर्वांसाठी खुलं झालं. त्याआधी पॅच (गेम दुरुस्त करणारं अपडेट) ही हाताने उतरवायची फाइल असे. तुमची आवृत्ती १.० आणि पॅच १.१ वरून १.२ वर नेणारा असला, तर तो बसायचाच नाही. पण एकदा बसला की पुढचा पॅच लावायचा की नाही, हे मशीनचा मालक ठरवायचा. जुलै २००४ मध्ये काउंटर-स्ट्राइक ज्यावर चालायचा ते जुनं ऑनलाइन नेटवर्क बंद झालं. नोव्हेंबरात हाफ-लाइफ २ आला, तेव्हा दुकानातून डबा विकत आणणाऱ्यालाही स्टीम लावणं भाग पडलं.

आजची रचना मात्र २०१३ ची आहे. तोवर स्टीमवरच्या बऱ्याच गेमांच्या फाइली जीसीएफ नावाच्या बंद पेटाऱ्यात असायच्या. विंडोज, अँटिव्हायरस किंवा मॉड (गेममध्ये बाहेरच्या लोकांनी केलेले बदल) बनवणारे त्या पेटाऱ्यात सहज हात घालू शकत नसत. २०१३ मध्ये स्टीमपाइप ही नवी पद्धत आली आणि फाइली 'स्टीमॲप्स'मधल्या 'कॉमन' या साध्या फोल्डरात उघड्यावर आल्या. प्रत्येक फाइल साधारण १ एमबीच्या तुकड्यांत विभागली जाऊ लागली, कुठल्या बिल्डमध्ये कोणते तुकडे हे मॅनिफेस्ट नावाच्या यादीत लिहिलं जाऊ लागलं आणि डाउनलोड साध्या एचटीटीपीवरून होऊ लागलं. वेग वाढला, मॉड लावणं सोपं झालं. त्याच वेळी डिस्कवरची परिस्थिती नोंदीपासून ढळण्याच्या वाटाही वाढल्या.

ही नोंद डोळ्यांनी बघता येते. 'स्टीमॲप्स' फोल्डरात प्रत्येक गेमची एक ॲपमॅनिफेस्ट फाइल असते. नावात गेमचा क्रमांक आणि शेवटी एसीएफ हे एक्स्टेंशन. स्कायरिम स्पेशल एडिशनचा क्रमांक ४८९८३०, फॉलआउट ४ चा ३७७१६०. फाइल नोटपॅडमध्ये उघडते. त्यातल्या 'स्टेटफ्लॅग्ज' या ओळीत एक आकडा असतो आणि तो अनेक खुणांची बेरीज असतो. २ म्हणजे अपडेट हवं, ४ म्हणजे पूर्ण इन्स्टॉल झालं, ३२ म्हणजे फाइली गहाळ, १२८ म्हणजे फाइली बिघडलेल्या, १०२४ म्हणजे अपडेट सुरू केलं. नुसता ४ दिसला तर सगळं ठीक. ६ दिसला तर गेम इन्स्टॉल आहे पण अपडेट बाकी. ३६ दिसला तर इन्स्टॉल आहे पण काही फाइली सापडत नाहीत, आणि त्या बहुधा अँटिव्हायरसने उचलून क्वारंटाइनमध्ये टाकलेल्या असतात. त्याच फाइलमध्ये 'बिल्डआयडी' असतो, आणि 'ऑटोअपडेटबिहेवियर' असतो: ० म्हणजे कायम अद्ययावत ठेव, १ म्हणजे गेम सुरू करताना अपडेट कर, २ म्हणजे बाकीच्यांआधी कर.

या ओळीत 'अपडेट करू नको' असा आकडाच नाही. तक्रारींचा मोठा भाग इथून सुरू होतो.

वादग्रस्त निर्णय

सुरुवातीची बरीच वर्षं गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये 'हा गेम आपोआप अपडेट करू नये' असा पर्याय होता. पुढे तो काढला गेला आणि त्याजागी 'गेम सुरू करतानाच अपडेट करावं' हा पर्याय आला. दोन्ही पर्याय वरवर सारखेच दिसतात, पण दुसऱ्यात नकाराची सोय नाही. स्टीमला नवी बिल्ड माहीत झाली की 'प्ले' दाबल्यावर आधी अपडेट, मग खेळ.

या बदलाच्या बाजूने बोलण्यासारखं आहे. ऑनलाइन गेममध्ये सर्व्हरची आणि खेळाडूची आवृत्ती एकच लागते. चीट पकडणारी यंत्रणा जुन्या फाइलींवर चालवता येत नाही. सुरक्षेची भोकं बुजवायची तर पॅच सगळ्यांपर्यंत पोचायला हवा. दहा जुन्या आवृत्त्यांच्या तक्रारी एकाच वेळी निस्तरणं छोट्या स्टुडिओला झेपणारं नसतं. पण हे सगळं एकट्याने खेळायच्या गेमला लागू होत नाही. तिथे आवृत्ती कोणाशी जुळवायची नसते. महिन्याचा डेटा मोजून मिळणाऱ्या ब्रॉडबँडवर, जिथे मर्यादा संपली की वेग कोसळायचा, तिथे चार भिंतींतल्या खेळासाठी दहा-वीस जीबीची सक्ती हा सरळसरळ भुर्दंड होता, आणि आपल्याकडे अशा जोडण्या वर्षानुवर्षं सर्रास होत्या. गॉग या गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या गॅलक्सी लाँचरमध्ये गेमवार ऑटो-अपडेट बंद करता येतं, शिवाय जुन्या आवृत्तीवर परतही जाता येतं. म्हणजे अडचण तंत्राची नव्हती.

याची सगळ्यात मोठी किंमत मॉड वापरणाऱ्यांनी मोजली. स्कायरिमचा स्क्रिप्ट एक्स्टेंडर (मॉडना जादा क्षमता देणारा, चाहत्यांनी बनवलेला प्रोग्रॅम) गेमच्या ईएक्सई, म्हणजे गेम चालवणाऱ्या मुख्य फाइलमधल्या ठरावीक पत्त्यांवर हात ठेवून काम करतो. ईएक्सई बदलली की पत्ते सरकतात, एक्स्टेंडर अडतो आणि त्याच्यावर उभे असलेले मॉडही. ११ नोव्हेंबर २०२१ ला स्कायरिमची ॲनिव्हर्सरी एडिशन आली, तेव्हा ती विकत न घेणाऱ्यांचीही ईएक्सई १.५.९७ वरून १.६.३१७ वर गेली. ही ईएक्सई नव्या कंपायलरने बांधलेली होती, त्यामुळे नुसते पत्ते दुरुस्त करून भागेना. बरेच मॉड नव्याने बांधावे लागले, आणि ज्यांचे लेखक कधीच निघून गेले होते ते तिथेच राहिले. २५ एप्रिल २०२४ ला फॉलआउट ४ ची तीच गत झाली. १.१०.१६३ ही आवृत्ती कित्येक वर्षं जवळपास स्थिर होती आणि सगळे मोठे मॉड तिच्यावर बेतलेले होते. फॉलआउट लंडन हा प्रचंड मॉड त्याच आठवड्यात, २३ एप्रिलला येणार होता. तो पुढे ढकलावा लागला आणि २५ जुलैला आला, तोही जुन्या आवृत्तीवर उतरवण्याच्या सोयीसह.

नकाराचा पर्याय काढून घेतल्यावर लोकांनी तो दुसऱ्या वाटेने मिळवला. सगळ्यात पसरलेली युक्ती म्हणजे ॲपमॅनिफेस्ट फाइलला 'रीड-ओन्ली' करणं. तिच्यामुळे काय होतं हे नीट समजून घ्यायला हवं, कारण कायमच्या 'अपडेट' बटणाचं हे एक हमखास कारण आहे.

स्टीम सुरू होतं, एसीएफ वाचतं, त्यात जुना बिल्डआयडी सापडतो. सर्व्हर नवा सांगतो. स्टीम मनाशी 'अपडेट हवं' अशी खूण करतं, पण फाइल रीड-ओन्ली असल्याने ती लिहू शकत नाही. कोणी चुकून बटण दाबलं, तर तुकडे 'डाउनलोडिंग' फोल्डरात उतरतात, 'कॉमन'मधल्या फाइलींवर बसूही शकतात, आणि शेवटी नोंद लिहिताना 'डिस्क राइट एरर' येतो. आता डिस्कवर नव्या फाइली आहेत आणि नोंद जुन्या बिल्डची आहे. पुढच्या वेळी स्टीम पुन्हा अपडेट मागतं. मॉडवाला म्हणतो, मी तर अपडेट रोखलं होतं, मग एक्स्टेंडर आवृत्तीची तक्रार का करतोय? कारण रोखली गेली ती फक्त नोंद.

यातून बाहेर पडायचं तर क्रम पाळावा. स्टीम 'एक्झिट'ने बंद करा आणि टास्क मॅनेजरमध्ये स्टीमची ईएक्सई व स्टीमवेबहेल्पर दोन्ही गेल्याची खात्री करा. खिडकी बंद केल्याने स्टीम बंद होत नाही. मग एसीएफची रीड-ओन्ली खूण काढा. 'डाउनलोडिंग'मधलं त्या गेमच्या क्रमांकाचं फोल्डर उडवा. मॉड लावले असतील तर गेमच्या फोल्डराची प्रत आधी दुसऱ्या जागी ठेवा, कारण पुढची पायरी बदललेल्या मूळ फाइली पुन्हा मूळपदावर आणते. बाहेरून टाकलेल्या जादा फाइलींना ती हात लावत नाही. आता स्टीम सुरू करून 'व्हेरिफाय इंटेग्रिटी' चालवा. शेवटी 'एक फाइल तपासणीत उतरली नाही' असं दर वेळी येत असेल, तर ती बहुधा गेम स्वतःच बदलत असलेली सेटिंगची फाइल असते. तिच्यामागे लागू नका.

जुनी आवृत्तीच हवी असेल, तर अपडेट 'गेम सुरू करतानाच' वर ठेवून गेम स्टीमच्या 'प्ले'मधून सुरू न करता एक्स्टेंडरच्या लोडरमधून किंवा मॉड मॅनेजरमधून सुरू करणं हा त्यातल्या त्यात बिनधोक मार्ग आहे. 'अपडेट' बटण दिसत राहील. त्याला हात लावायचा नाही. ईएक्सईसह गेमच्या फोल्डराची एक प्रत वेगळ्या ड्राइव्हवर ठेवलेली असावी.

विंडोजकडून येणारे अडथळे

पुन्हापुन्हा अपडेट मागण्याचं एक कारण स्टीमपाइपच्याही आधीचं आहे, आणि ते प्रकाशकांच्या स्वतःच्या जुन्या लाँचरांत अजून भेटतं. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा आलं तेव्हा 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये ॲडमिनिस्ट्रेटर परवानगीशिवाय लिहिणं बंद झालं. जुने ३२-बिट प्रोग्रॅम यामुळे कोसळू नयेत म्हणून विंडोज त्यांचं लिखाण गुपचूप वापरकर्त्याच्या 'ॲपडेटा'मधल्या 'व्हर्च्युअलस्टोअर' या फोल्डरात वळवतं. लाँचर एकदा साधा चालला, आवृत्तीची फाइल व्हर्च्युअलस्टोअरमध्ये गेली. नंतर कोणीतरी सल्ला दिला म्हणून तो 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ने चालवला, अपडेट खऱ्या फोल्डरात बसलं. पुढच्या वेळी साधा चालवला की त्याला व्हर्च्युअलस्टोअरमधली जुनी प्रत आधी दिसते, आणि अपडेट पुन्हा दारात. उपाय: व्हर्च्युअलस्टोअरमधलं त्या गेमचं फोल्डर काढा (त्यातले सेव्ह आधी बाजूला ठेवा) आणि गेम 'प्रोग्रॅम फाइल्स'च्या बाहेर, दुसऱ्या ड्राइव्हवरच्या साध्या फोल्डरात बसवा.

फोल्डराच्या प्रॉपर्टीजमध्ये रीड-ओन्लीच्या चौकटीत जो भरीव चौकोन दिसतो, त्याच्याशी झुंजण्यात मात्र अर्थ नाही. फोल्डरांना तो नेहमीच दिसतो आणि काढला तरी परत येतो. बघायची ती फाइलची खूण.

जागेचं गणितही लोक चुकवतात. दहा जीबीच्या एका पॅक फाइलमध्ये चार तुकडे बदलले तर डाउनलोड चारच एमबी असतं, पण स्टीम ती फाइल बाजूला नव्याने रचतं. त्यासाठी तितकी रिकामी जागा लागते. ड्राइव्हवर सहा जीबी उरले असतील तर चार एमबीचं अपडेटही अडतं आणि रांगेत परत येतं.

ज्यांच्या मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत आणि लायब्ररी सामाईक आहे, त्यांना लिनक्सची वेगळी बिल्ड असलेल्या गेमांचं अपडेट प्रत्येक बूटनंतर दिसतं. दोन्हींकडच्या फाइलींचे संच वेगळे, पण नोंद एकच. लायब्ररी वेगळी केल्याशिवाय हे थांबत नाही.

शून्य बाइट्सचं अपडेट बहुधा वर्कशॉपकडून, म्हणजे स्टीमवरच्या मॉडच्या संग्रहाकडून येतं. सबस्क्राइब केलेला एखादा मॉड लेखकाने काढून टाकला की स्टीम तो शोधत राहतं. तो अनसबस्क्राइब करा, स्टीम बंद करून वर्कशॉप फोल्डरातली त्या गेमच्या क्रमांकाची ॲपवर्कशॉप फाइल काढा. ती पुन्हा तयार होते. लिनक्स आणि स्टीम डेकवर (स्टीमचं हातात धरून खेळायचं यंत्र) शेडरची, म्हणजे पडद्यावरचं चित्र रंगवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमांची, लहान लहान अपडेटं सारखी येतात. ती बिघाड नव्हेत.

कारण हाताला लागत नसेल तर स्टीमच्या 'लॉग्ज' फोल्डरातली कंटेंट लॉग फाइल उघडून गेमचा क्रमांक शोधा. 'अपडेट रिक्वायर्ड'नंतर लगेच काय घडलं, ते तिथे तारीख-वेळेसह असतं: फाइल लॉक होती, डिस्कवर लिहिता आलं नाही, की मॅनिफेस्टच मिळालं नाही. मॅनिफेस्ट मिळत नसेल तर डाउनलोड रीजन मुंबईवरून सिंगापूरवर नेऊन बघा. बुधवारी पहाटे साडेचार-साडेपाचच्या सुमाराला स्टीमची साप्ताहिक देखभाल चालते, तेव्हा मात्र काहीही न करता थांबावं.

स्टीम क्लायंट स्वतःच दर वेळी अपडेट होऊन परत तिथेच येत असेल, तर तो वेगळा आजार. स्टीमच्या फोल्डरातलं 'स्टीमॲप्स', 'युजरडेटा' आणि स्टीमची ईएक्सई सोडून बाकी सगळं काढा आणि ईएक्सई पुन्हा चालवा. गेम आणि सेव्ह शाबूत राहतात. विंडोज ७ आणि ८ वर हा उपाय लावण्याआधी थांबा: १ जानेवारी २०२४ पासून स्टीमने त्यांना आधार देणं बंद केलं आहे, आणि चालू असलेला जुना क्लायंट एकदा काढला की परत मिळण्याची खात्री नाही.

अलीकडे काही स्टुडिओ मोठ्या बदलाआधी जुनी आवृत्ती 'बीटाज'च्या टॅबमध्ये वेगळी शाखा म्हणून ठेवतात. तिथे जुनी शाखा निवडली की सर्व्हरच जुनी बिल्ड सांगतो, तिन्ही गोष्टी जुळतात आणि 'प्ले' बटण परत येतं. तुमच्या गेमला अशी शाखा असेल तर रीड-ओन्लीची युक्ती करण्याआधी ती वापरा. पुढे ती शाखा बंद केली गेली तर पुन्हा अपडेट मागितलं जाईल, म्हणून फोल्डराची प्रत तेव्हाही हाताशी हवी.