स्क्रिप्टमध्ये हात घालण्यापूर्वी

आमच्याकडून घेतलेल्या प्रोग्रॅमची स्क्रिप्ट, म्हणजे तो चालवणाऱ्या आज्ञांचा मजकूर, आम्ही कुलूपबंद ठेवत नाही. ती वाचा, हवी तर बदला. भाषा आहे लाइव्हकोड. ॲपलच्या हायपरकार्ड या प्रोग्रॅमबरोबर १९८७ साली आलेल्या हायपरटॉक या भाषेच्या घराण्यातली. वाक्यं इंग्रजीसारखी असल्याने प्रोग्रॅमिंग न शिकलेल्यालाही वाचता येतात. पण वाचता येतं म्हणून आपण बोलल्यासारखं लिहू लागतो, आणि एखादा शब्द ओळखीचा नसला तरी ही भाषा तसं सांगतेच असं नाही.

(आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप करताना रोमन लिपीत करा.)

समजा, तुम्ही लिहिलंत: पुट १०० इनटू टोटल. ‘टोटल’ नावाचं व्हेरिएबल (मूल्य साठवायची नाव दिलेली जागा) त्याच क्षणी तयार झालं, आधी जाहीर करायची गरज नाही. पुढच्या ओळीत घाईत नाव चुकलं आणि झालं: पुट टोटो इनटू फील्ड "बिल". चूक दाखवली जाईल असं वाटतं ना? नाही. ‘टोटो’ नावाचं काही सापडलं नाही, म्हणून भाषा त्या शब्दालाच मजकूर मानते आणि बिलाच्या रकान्यात १०० ऐवजी चक्क ‘टोटो’ उमटतं. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी तक्रारींचं मूळ एवढंच असतं.

कंटेनर म्हणजे ज्यात काही ठेवता येतं ते: व्हेरिएबल, पडद्यावरचं फील्ड, आणि फील्डमधला एखादा तुकडासुद्धा. पुट "रद्द" इनटू वर्ड २ ऑफ लाइन ३ ऑफ फील्ड "यादी" असं लिहिलं, की तिसऱ्या ओळीतला दुसरा शब्द तेवढा बदलतो, बाकी ओळ जागच्या जागी. ही सोय आम्हाला फार आवडते. पण फील्ड हा शब्द गाळून नुसतं पुट ५ इनटू बिल लिहिलंत, तर ‘बिल’ नावाचं नवं व्हेरिएबल तयार होतं. पडद्यावर काहीच हलत नाही. ‘आयटम’ वापरतानाही जपून: तो स्वल्पविरामावर तुटतो, त्यामुळे १०,००० या आकड्याचे दोन आयटम होतात, १० आणि ०००.

‘इट’ हेही एक व्हेरिएबल आहे. गेट (मूल्य मिळवा) किंवा आस्क (वापरणाऱ्याला विचारा) केलं की उत्तर त्यात येतं, आणि पुढच्या गेटला पुसलं जातं. हवं असेल तर लगेच दुसऱ्या नावाखाली ठेवा.

फंक्शनचं, म्हणजे उत्तर काढून देणाऱ्या आज्ञेचं, थोडक्यात. भाषेतली बरीच फंक्शनं दोन तऱ्हेने लिहिता येतात: द लेंग्थ ऑफ नाव, किंवा कंस घालून लेंग्थ(नाव). तुम्ही स्वतः लिहिलेल्या फंक्शनला मात्र कंस लागतोच, आत काही द्यायचं नसलं तरी. कंस विसरलात की फंक्शन चालतच नाही, पुन्हा त्याचं नावच मजकूर म्हणून उमटतं.

साधं व्हेरिएबल हँडलर (एखादी घटना घडली की चालणारा स्क्रिप्टचा तुकडा) संपला की जातं. दोन हँडलरमध्ये वापरायचं तर ग्लोबल (सगळीकडे एकच) जाहीर करा, तेही दोन्हीकडे. एकीकडे विसरलात तर तिथे ते ग्लोबल ओळखलं जात नाही: वाचायला गेलात तर त्याचं नावच मजकूर म्हणून मिळतं, आणि काही ठेवलंत तर त्याच नावाचं, पण वेगळंच, व्हेरिएबल तयार होतं.

स्क्रिप्ट एडिटरच्या प्रेफरन्सेसमध्ये स्ट्रिक्ट कंपाइलेशन मोड (कडक तपासणीची सोय) आहे. तो सुरू केला की व्हेरिएबल आधी जाहीर करावं लागतं, मजकूर अवतरणचिन्हांत लिहावा लागतो आणि ‘टोटो’ तिथल्या तिथे पकडला जातो. आमच्या काही जुन्या स्क्रिप्टही त्यात अडकतील. अडकल्या तर कळवा, आम्ही दुरुस्त करून देऊ.