‘आयटीआय कंपनीला दिली’ हा गैरसमज

प्राचार्यांच्या दालनात उद्योगपतीचं नाव ‘अध्यक्ष’ म्हणून दिसलं, की गावात बोललं जातं : सरकारी आयटीआय विकली! ही समजूत चुकीची आहे.

२००७-०८ मध्ये केंद्राने १,३९६ सरकारी आयटीआय सार्वजनिक-खासगी भागीदारीतून सुधारायची योजना आणली. त्यात प्रत्येक संस्थेची व्यवस्थापन समिती, म्हणजे आयएमसी, सोसायटी म्हणून नोंदवली गेली. अध्यक्ष उद्योग क्षेत्रातला, सदस्य-सचिव मात्र स्वतः प्राचार्य. राज्य सरकारने नेमलेले सदस्यही असतात. त्यात एक ज्येष्ठ निदेशक, म्हणजे आयटीआयमधला शिक्षक, आणि एक विद्यार्थी. यंत्रं, कार्यशाळा यांसाठी अडीच कोटींपर्यंतचं बिनव्याजी कर्ज केंद्राने थेट या समितीला दिलं. ते फेडायचं असतं, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते.

जागा, इमारत आणि मालकी राज्याचीच राहिली. समितीच्या हाती प्रवेश जास्तीत जास्त २० टक्के. उरलेले नेहमीच्या सरकारी पद्धतीने.

म्हणून मुलीला ‘आता ती खासगी झाली’ म्हणून अर्ज भरण्यापासून अडवू नका. प्रश्न विचारायचाच तर समितीला विचारा : कर्जातून काय घेतलं, ते चालू आहे का?